डबलसीट जगप्रवास

‘डबलसीट’ हा शब्द मराठीत कोणा कोशकाराने आणला नाही. तो रस्त्यावरच तयार झाला. एके काळी पुण्यासारख्या शहरात सायकलवरून डबलसीट जाणाऱ्याला पोलीस अडवत असत, आणि कॅरिअरवरचा माणूस चौक यायच्या आधीच टुणकन उडी मारून चालू लागे. पुढे सायकलची जागा स्कूटरने घेतली, मग मोटारसायकल आली, पण शब्द तोच राहिला. आपल्याकडे निम्मे संसार या डबलसीटवर झाले असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. २०१५ साली याच नावाचा मराठी चित्रपटही येऊन गेला.

इंग्रजीत मागच्या बैठकीला ‘पिलियन’ म्हणतात. हा शब्द मोटारसायकलपेक्षा कितीतरी जुना आहे. घोड्यावर खोगिराच्या मागे एक गादी घालायचे आणि तिच्यावर बहुधा बाईमाणूस बसायचं, त्या गादीचं हे नाव. म्हणजे लगाम धरणारा स्वार आणि मागचा तो नुसता बसलेला, हा भेद शब्दाच्या जन्मापासूनच आहे. मोटारसायकल आली तेव्हा घोडा गेला, पण हा भेद तसाच राहिला.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, आणि आयुष्याची पंचवीसेक वर्षं मागच्या सीटवर बसलेली. त्यामुळे मोटारसायकलवरून खंडच्या खंड ओलांडणाऱ्या प्रवाशांच्या कथा वाचताना माझं लक्ष आपसूक मागे जातं. हँडल कोणाच्या हातात होतं ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच कळतं. दुसरं कोण होतं आणि त्याने काय केलं, हे मात्र शोधावं लागतं. आज मला या दुसऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे.

सुरुवात १९१२ पासून करू. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी आणि वॉल्टर स्टोरी हे दोन तरुण अमेरिकन आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातून हेंडरसन कंपनीच्या दोन मोटारसायकली घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. पहिल्याच दिवशी डब्लिनमध्ये स्टोरीची ट्रामशी टक्कर झाली. तरीही दोघं पुढे गेले. पॅरिसला पोहोचल्यावर मात्र स्टोरीने प्रवास सोडला. क्लॅन्सी एकटाच स्पेन, उत्तर आफ्रिका, श्रीलंका, चीन, जपान असं करत अमेरिकेला पोहोचला आणि ऑगस्ट १९१३ मध्ये न्यूयॉर्कला परतला. सुमारे २९ हजार किलोमीटरचा हा प्रवास मोटारसायकलवरची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा मानला जातो. या पहिल्या कथेतच एक गोष्ट दिसते. दोघांनी निघणं सोपं असतं, दोघांनी परत येणं अवघड असतं. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं, पण जोडी बिघडली तर तिचे सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

पुढे जाण्यापूर्वी एका कागदाची ओळख करून द्यायला हवी. परदेशात आपलं वाहन घेऊन जायचं, तर पुष्कळ देशांत ‘कार्ने’ नावाचं एक पुस्तक लागतं. ही जकातीची हमी असते. तुम्ही वाहन त्या देशात विकून निघून जाल आणि सरकारचा कर बुडेल, अशी भीती असते म्हणून तुमच्या देशातली मोटार संघटना तुमच्याकडून रक्कम किंवा बँक हमी घेते आणि तुमच्या वतीने जामीन राहते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन असे कार्ने देते. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना जकात अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा फाडतो, आणि तिसऱ्या भागावर दोन्ही वेळचे शिक्के तुमच्याजवळ राहतात. शिक्का चुकला तर प्रवाशाच्या डोक्याला ताप होतो.

या पुस्तकावर यंत्राचा क्रमांक असतो आणि ज्याच्या नावाने ते काढलं त्याचं नाव असतं. मागे बसलेल्याचं नाव त्यात नसतं, कारण जकात खात्याच्या दृष्टीने तो वाहनाचा भाग नाही आणि मालही नाही. पासपोर्ट मात्र दोघांचे असतात आणि शिक्के दोन्हींवर उठतात. म्हणजे एकाच नाक्यावर, एकाच दिवशी, एकाच प्रवासाच्या दोन नोंदी होतात. एका नोंदीत एक माणूस असतो, दुसरीत दोन. प्रवासांचा इतिहास आपण बहुतेक वेळा पहिल्या नोंदीवरून लिहीत आलो आहोत.

१९२८ साली झोल्तान सुलकोव्स्की आणि ग्युला बार्ता हे दोन हंगेरियन मित्र साइडकार जोडलेल्या हार्ले-डेव्हिडसनवर बसून जग बघायला निघाले. साइडकार म्हणजे काय, हे आपल्याला १९७५ च्या ‘शोले’मुळे वेगळं सांगायला नको. हे जय-वीरू मात्र तब्बल आठ वर्षं रस्त्यावर होते. १९३६ मध्ये ते परतले तेव्हा त्यांच्या मागे सुमारे १ लाख ७० हजार किलोमीटर आणि ६८ देश होते. खिशात पैसे नसताना व्याख्यानं देऊन आणि छायाचित्रं विकून त्यांनी पेट्रोल भरलं. या प्रवासाचं पुस्तक सुलकोव्स्कीने लिहिलं. म्हणून आज जगाला सुलकोव्स्की माहीत आहे, आणि बार्ता त्याचा ‘मित्र’ म्हणून माहीत आहे. आठ वर्षं दोघांनी एकच धूळ खाल्ली, पण लेखणी एकाकडे होती.

आता आपल्या मुंबईकडे येणारी एक वाट पाहू. १९३३ साली मॅक्स राइश आणि हर्बर्ट टिची हे दोन ऑस्ट्रियन तरुण व्हिएन्नाहून भारताकडे निघाले. दोघांचाही जन्म १९१२ चा. त्यांच्याकडे होती पुख कंपनीची अवघी अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक मोटारसायकल. तिच्यावर दोन माणसं, सामान, पेट्रोल आणि पाणी. असल्या प्रवासाला भलंमोठं, वजनदार यंत्रच हवं, असा तेव्हा समज होता. राइशचं म्हणणं उलट होतं. हलकं यंत्र वाळूत रुतलं तर दोन माणसं ते उचलून बाहेर काढू शकतात. या हिशेबात दुसरा माणूस ओझं नाही, तो वाळूतून बाहेर पडण्याचं साधन आहे. बाल्कन प्रदेश, तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण आणि बलुचिस्तान ओलांडून ते भारतात उतरले आणि मुंबईला पोहोचले. मोटारसायकलवरून जमिनीच्या वाटेने भारतात पोहोचलेल्या अगदी पहिल्या प्रवाशांत त्यांची गणना होते.

जगप्रवासी मुंबईला नवखे नव्हते. त्याच्या दहा वर्षं आधी, ऑक्टोबर १९२३ मध्ये, मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले होते. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पुरा केला आणि मार्च १९२८ मध्ये ते घरी आले. सहा निघाले, तीन परतले. इथेही जोड टिकवण्याचाच प्रश्न होता.

राइशच्या मागच्या सीटवरच्या टिचीचं पुढे काय झालं, हेही ऐकण्यासारखं आहे. भारताने त्याला अशी भूल घातली, की दोन-तीन वर्षांत तो परत आला आणि यात्रेकरूच्या वेशात कैलास पर्वताच्या परिसरात जाऊन पोहोचला. मग १९ ऑक्टोबर १९५४ रोजी सेप योखलर आणि पासांग दावा लामा यांच्याबरोबर तो चो ओयू या जगातल्या सहाव्या क्रमांकाच्या उंच शिखरावर उभा राहिला. त्या शिखरावर माणसाचं हे पहिलंच पाऊल होतं, आणि तेही प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय. मागच्या सीटवर बसणारा माणूस म्हणजे दुय्यम माणूस, असं समजणाऱ्यांनी टिचीची आठवण ठेवावी.

याच सुमारास लंडनहून एक वेगळी जोडी निघाली. थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्कायरन या त्या दोघी. वॉलॅकने अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं होतं. ब्लेन्कायरन ब्रुकलंड्सच्या शर्यतपट्टीवर ताशी शंभर मैलांपेक्षा अधिक वेग गाठून ‘गोल्ड स्टार’ मिळवणारी पहिली स्त्री होती. ११ डिसेंबर १९३४ रोजी दोघींनी लंडन सोडलं. सहाशे सीसीची एक सिलिंडरची पँथर मोटारसायकल, तिला बाजूला साइडकार आणि त्यामागे सामानाचा ट्रेलर, असं हे लटांबर सहारा वाळवंटातून दक्षिणेला नेऊन केपटाउन गाठायचं, असा बेत होता. वाळवंटाच्या दक्षिणेकडे, आगदेझ इथे, त्यांना इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जुळवावं लागलं. २९ जुलै १९३५ रोजी त्या केपटाउनला पोहोचल्या.

या दोघींनी चालवणं वाटून घेतलं होतं. ज्या काळात बाईची जागा मागच्या गादीवर ठरलेली होती, त्या काळात दोन बायकांनी दोन्ही जागा भरल्या, आणि आफ्रिका वरपासून खालपर्यंत पार केली. वॉलॅकने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करात मोटारसायकलवरून निरोप पोहोचवण्याचं काम केलं, आणि नंतर अमेरिकेत मोटारसायकल शिकवण्याची शाळा काढली. १९९९ मध्ये ती वारली. आफ्रिकेच्या प्रवासाचं तिचं पुस्तक प्रसिद्ध झालं ते २००१ मध्ये, म्हणजे प्रवासानंतर सहासष्ट वर्षांनी.

आता तुम्ही विचाराल, मागे बसणारा करतो तरी काय? नुसता बसतो ना! या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकांतून कमी आणि अनुभवातून अधिक देऊ शकते. १९८३ साली आमच्या घरी स्कूटर आली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचे ते दिवस होते. १९८६ च्या डिसेंबरात आम्ही दोघं साताऱ्याहून कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असं करत पणजीला गेलो. आंबोलीचा घाट उतरताना माझे यजमान मागे न बघता एवढंच म्हणाले, “तू घट्ट बसू नकोस, माझ्याबरोबर वळ.” त्या वाक्यात मागच्या सीटचं सगळं शास्त्र आहे. वळणावर गाडी आत झुकते. तेव्हा मागचा माणूस घाबरून उलट्या बाजूला कलला, तर चालवणाऱ्याला दोघांच्या वजनाशी झगडावं लागतं. त्याने अंग सैल सोडलं आणि चालवणाऱ्याबरोबर झुकला, तर गाडी एकाच माणसाची असल्यासारखी वळते. मागे बसणं हे काम आहे. फक्त ते नीट झालं की दिसत नाही.

शिवाय दोघांचं वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून टायरमध्ये हवा जास्त भरावी लागते, स्प्रिंग घट्ट करावी लागते आणि ब्रेक आधीपासून लावावा लागतो. चालवणारा रस्त्यातला खड्डा बघतो, तेव्हा मागचा पाटी वाचतो, नकाशा धरतो, मैल मोजतो आणि पुढच्याला डुलकी तर येत नाही ना, याकडे लक्ष ठेवतो. सरहद्दीच्या नाक्यावर एक जण कागद घेऊन रांगेत उभा राहतो, दुसरा सामानाजवळ थांबतो. एकट्या प्रवाशाला ही दोन्ही कामं एकदम करता येत नाहीत. चालवणाऱ्याला ताप आला, तर मुक्काम शोधण्यापासून औषध आणण्यापर्यंत सगळं दुसऱ्यावर येतं. हे कुठल्या विक्रमाच्या वहीत लिहिलं जात नाही.

आपल्या कायद्याने मात्र या दुसऱ्या माणसाची दखल घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस बसवता येतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांमधला १२३ वा नियम सांगतो, की मागच्याला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी, आणि त्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं नसावं. आपण ज्याला ‘साडी गार्ड’ म्हणतो, त्या जाळीमागे हा नियम आहे. मागे बहुधा साडी नेसलेली बाई एका बाजूला पाय सोडून बसणार, हे ज्याने ओळखलं, त्याने इतिहासकारांपेक्षा मागच्या सीटकडे अधिक बारकाईने पाहिलं होतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोघांसाठी सलग लांब सीट सर्रास आली आणि नवरा-बायकोंचे लांबचे प्रवास वाढले. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात येणारी वाट साठ-सत्तरच्या दशकांत गजबजलेली होती. १९७९ मध्ये ती आटली. त्या वर्षाच्या सुरुवातीला इराणमध्ये क्रांती झाली आणि वर्ष संपताना सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. यंत्रं सुधारत होती, पण वाटा बंद होत होत्या. दक्षिण आणि उत्तर अमेरिकेच्या सांध्यावर पनामा व कोलंबियाच्या मधल्या दारिएनच्या जंगलात तर आजही रस्ता नाही. तिथे मोटारसायकल बोटीत किंवा विमानात चढवावी लागते.

या अडचणींतून पुढच्या काळात ज्या जोडप्यांनी जग पार केलं, त्यांच्यात मला तीन तऱ्हा दिसतात. पहिली पीटर आणि के फॉरवुड या ऑस्ट्रेलियन दांपत्याची. १९९६ पासून त्यांनी एकाच हार्ले-डेव्हिडसनवर जगातले जवळजवळ सगळे देश पाहिले. पीटर पुढे आणि बहुतेक प्रवासात के मागे. ही खरी आपली डबलसीट. दुसरी तऱ्हा अमेरिकेच्या क्रिस आणि एरिन राटे यांची. मे १९९९ ते ऑगस्ट २००३ अशी चार वर्षं, सहा खंड, ५० देश आणि सुमारे १ लाख ६३ हजार किलोमीटर. जोडीने केलेला सर्वांत लांब मोटारसायकल प्रवास म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. त्या दोघांच्या मोटारसायकली वेगवेगळ्या होत्या. पासपोर्ट दोन आणि वाहनंही दोन, त्यामुळे नोंदीत दोन नावं बरोबरीने आली.

तिसरी जोडी सायमन आणि लिसा थॉमस यांची. २००३ मध्ये हे ब्रिटिश जोडपं आपापल्या मोटारसायकलवर निघालं आणि मग वर्षानुवर्षं रस्ताच त्यांचं घर झाला. ब्राझीलमधल्या ॲमेझॉनच्या जंगलात सायमनला मोठा अपघात झाला. त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं. अशा वेळी मदतीला गाव नाही, दवाखाना नाही, असतो तो फक्त दुसरा माणूस. तिथे विक्रम, किलोमीटर, देशांची संख्या यांना काही अर्थ उरत नाही.

बायकांनी स्वतःची मोटारसायकल स्वतः चालवावी, म्हणजे हा मागच्या सीटचा प्रश्नच मिटला, असं कोणी म्हणेल. ते होतंही आहे, आणि चांगलं होत आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या रमिला, म्हणजेच रमाबाई, लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलवर मुंबईहून एकट्या जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण हँडल हातात येणं हा एक न्याय झाला. ज्यांच्या हातात ते नव्हतं, त्यांनी केलेल्या प्रवासाची नोंद होणं हा दुसरा. एक मिळाला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

इतिहासात हा प्रश्न केवळ मोटारसायकलीपुरता नाही. मोहिमांच्या, संशोधनाच्या, चळवळींच्या कितीतरी कथा आपण कार्नेवरून वाचतो, म्हणजे ज्याच्या नावावर वाहन त्याच्या नावाने. पुढच्या वेळी एखादं प्रवासवर्णन हाती घ्याल, तेव्हा ‘आम्ही’ हा शब्द कुठे येतो आणि ‘मी’ कुठे, एवढं जरूर पाहा. ‘मी घाट चढलो’ या वाक्यात कितीदा दोन माणसं बसलेली असतात. आणि घरात कोणी आयुष्यभर मागच्या सीटवर बसलेलं असेल, तर त्यांना एकदा विचारा, की रस्ता कसा होता. चालवणाऱ्याचे डोळे समोरच्या खड्ड्यावर असतात, त्यामुळे डोंगर, नद्या आणि माणसं मागच्यालाच अधिक दिसलेली असतात.